जासुदाची जोडी

माझ्या भाचीनं कादंबरी लिहिली आहे. वय एकोणीस, शिकते कॉमर्स, मराठी बोलते घरातलं, म्हणजे निम्मं कन्नडच्या वळणाचं. दोनशे दहा पानं छापून, स्पायरल बांधून, एका रविवारी रसेल मार्केटमधून भाजी घेऊन येताना ती माझ्याकडे आली आणि पिशवीतल्या पालकाखालून ते बाड काढून म्हणाली, "आत्या, प्रेमाच्या भागाला हात लावू नकोस. फक्त इतिहास बघ."

मी इथल्याच एका शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून घरचे लोक मला जुन्या पंचांगासारखं वापरतात. तारीख विचारायची असली की उघडायचं. तेव्हा मी लाल पेन्सिल घेतली आणि बसले.

कथा अशी. साल 1791. बेंगळुरूच्या पेठेतल्या एका मराठी शिंप्याची सतरा वर्षांची मुलगी, मैना. इंग्रजांनी पेठ घेतली त्या दिवशी बाप मरतो. मैना केस कापते, भावाचे कपडे घालते आणि मराठ्यांच्या फौजेसाठी हेरगिरी करू लागते. पटवर्धनांच्या पागेतला एक शिलेदार त्याच धुमाळीत तिला पहिल्यांदा पाहतो, मुलगा समजतो, आणि पुढची दीडशे पानं आपल्याला या पोराची एवढी काळजी का वाटते म्हणून बेचैन राहतो. शेवटी श्रीरंगपट्टण पडतं, पागोटं सुटतं, लग्न होतं.

हसू नका. मीही शाळेत असताना नाथमाधवांची 'वीरधवल' पांघरुणाखाली वाचलेली आहे.

पहिली लाल रेघ पहिल्याच प्रकरणात पडली. मैना कमर्शियल स्ट्रीटवरून पळत येते आणि आमच्या घरामागच्या गल्लीत लपते. तिला म्हटलं, बाई, तू जिथं राहतेस तो भाग तेव्हा नव्हताच. श्रीरंगपट्टणातल्या तापाला कंटाळून इंग्रजांनी फौज इकडे हलवली ती 1809 मध्ये. त्यानंतर छावणी, छावणीच्या पोटासाठी आलेले लोक, आणि त्या लोकांची ब्लॅकपल्ली. तिलाच पुढं शिवाजीनगर म्हणायला लागले. रसेल मार्केट तर 1927 चं. 1791 मध्ये इथं शेतं, तळी आणि वाड्या असणार. शहर म्हणजे पेठ, तिच्याभोवती मातीची भिंत, खंदक आणि काटेरी झाडांचा दाट पट्टा, आणि पेठेच्या दक्षिणेला किल्ला. मराठी शिंप्याचं घर पेठेत असायला माझी हरकत नाही. शहाजीराजांना 1638 नंतर इथली जहागीर मिळाली आणि एकोजींच्या हातून शहर 1687 मध्ये तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेलं. अर्धशतकात आलेली सगळीच माणसं राजांबरोबर परत जात नाहीत. आमचेही कोणी गेले नाहीत.

दुसरी रेघ जास्त जड होती. पेठ पडली 7 मार्च 1791 ला, किल्ला 21 मार्चच्या रात्री. आज के. आर. मार्केटजवळ किल्ल्याचा जो तुकडा उरला आहे तिथं भिंतीत एक दगड आहे. इंग्रजांचा हल्ला इथल्या खिंडारातून झाला, असं त्यावर लिहिलं आहे. त्या रात्री किल्लेदार बहादूर खान लढताना पडला. तिथं मराठे नव्हते. परशुरामभाऊ पटवर्धन त्या वेळी धारवाडच्या किल्ल्यापुढं अडकून पडले होते. तो वेढा सप्टेंबरपासून चालू होता आणि सुटला एप्रिलच्या सुरुवातीला. हरिपंत फडके दुसऱ्या वाटेनं येत होते. म्हणजे मैनेचा शिलेदार तिच्यापासून चारशे किलोमीटर लांब, तोफेला दारू मिळत नाही म्हणून वैतागलेला.

"मग ते भेटणार कुठं?" भाची म्हणाली. तिचा चेहरा एवढा उतरला की मला वाईट वाटलं. मी म्हटलं, भेटतील. जरा थांब. जिथं भेटतील ती जागा तुझ्या जागेपेक्षा बरी आहे.

पण आधी वेषांतराबद्दल. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला वेषांतराची सवय पहिल्यापासून आहे आणि तिचं एक मूळ, गंमत म्हणजे, याच म्हैसूरच्या मुलखात आहे. हरि नारायण आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी शिवकालावरची नव्हे. ती 'म्हैसूरचा वाघ', 1890 च्या सुमाराची, आणि तिचा आधार मेडोज टेलरची 1840 मधली टिपूवरची इंग्रजी कादंबरी. हा टेलर निजामाच्या चाकरीतला अधिकारी, ठगांच्या तपासात काम केलेला. त्याचं पहिलंच पुस्तक एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात आहे. प्रवाशाचं सोंग घेऊन प्रवाशाचा गळा आवळणारी माणसं त्याला कागदोपत्री माहीत होती. पुढं नळदुर्गला असताना त्यानं तुळजापूरचा मुलूख पाहिला आणि 1863 मध्ये 'तारा' लिहिली. त्यात तुळजापूरची ब्राह्मण मुलगी आणि अफजलखानाचा मुलगा यांचं प्रेम आहे, आणि भोवती शिवाजीमहाराजांच्या माणसांची गुप्त ये-जा. तेव्हा भाचीनं जे लिहिलं त्याला दीडशे वर्षांचं घराणं आहे. तिला हे ठाऊक नव्हतं. घराण्याचं असंच असतं.

आपट्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढं छापलेली कागदपत्रं फार थोडी होती. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेला बसून पटवर्धनांची दफ्तरं उपसायला घेतली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चा पहिला खंड निघाला तो 1897 मध्ये. कादंबरी आधी आली, कागद मागून. म्हणून आपल्या मनातला हेर अजून कादंबरीतलाच आहे. बहिर्जी नाईकांचंच बघा. आज त्यांच्या नावावर फकिरापासून वासुदेवापर्यंत किती सोंगं आहेत! सभासदानं 1697 च्या सुमारास बखर पुरी केली, तिच्यात बहिर्जी जाधव हा जासूद येतो, सुरतेत किती द्रव्य आहे याची खबर देतो आणि जवळपास तेवढ्यावरच निघून जातो. सोंगं आपण नंतर शिवली. शिंप्याच्या मुलीनं कादंबरीत यावं हे त्या दृष्टीनं योग्यच आहे.

खऱ्यांचे खंड वाचताना जो माणूस दिसतो तो वेगळा. त्याला जासूद म्हणतात, कासीद म्हणतात, हरकारा म्हणतात. तो मुख्यतः चालतो. त्याच्याकडे पत्र असतं, कधी तोंडी निरोप असतो, आणि वाटेत पाहिलेलं सांगणं हेही त्याचं काम. गोसावी, बैरागी, फकीर, व्यापारी यांच्या घोळक्यात तो मिसळतो, कारण गावोगाव फिरायला कुणाची परवानगी लागत नाही असे हेच लोक. सोंग म्हणजे त्याचा अंगरखा नव्हे. रोजच्या चाकरीतली ती एक सोय. आणि तो एकटा नसतो. पत्रांत शब्द येतो 'जोडी'. जोडी पाठविली, जोडी आली. दोघं बरोबर निघतात. एक पडला, आजारी झाला, फितला, तर दुसरा आहे. महत्त्वाचं पत्र असलं तर त्याचीच नक्कल घेऊन दुसरी जोडी दुसऱ्या वाटेनं.

मी मैनेच्या पन्नासाव्या पानावर लिहिलं: 'ही एकटी का? हिचा जोडीदार कुठाय?'

तासाभरानं फोन आला. "आत्या, म्हणजे तिच्याबरोबर कायम एक माणूस असणार?" हो. "रात्रंदिवस?" हो. "मग त्याला कळणारच!" मी म्हटलं, आता तू इतिहास लिहायला लागलीस.

त्याला कळणारच का, याचं उत्तर मात्र मला शोधावं लागलं नाही. ते मला फार दिवसांपासून माहीत होतं, आणि माझ्या मते आपल्या सगळ्या वेषांतराच्या कादंबऱ्यांपेक्षा ते सरस आहे. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीचा तो प्रमुख. त्यानं भावाला लिहिलेली पत्रं 1813 मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यातल्या एका पत्रात तो सांगतो की शिंद्यांच्या पलटणीतल्या जोरावरसिंग नावाच्या शिपायाला भेटायला तो गेला. जोरावरसिंग ही बावीसएक वर्षांची बाई होती. पुरुष म्हणून भरती झालेली, बंदूक चालवणारी, पगार घेणारी. आपला स्वयंपाक आपण करायचा, एकट्यानं जेवायचं, एकट्यानं आंघोळ करायची, एवढं लोकांच्या लक्षात आलं होतं, पण संशय कुणालाच आला नाही. का यावा? त्या पलटणींत आपापली चूल मांडणारे शिपाई ढिगानं होते. सोवळं हाच तिचा बुरखा. शेवटी तिच्याच तुकडीतल्या एका तरुण शिपायानं कुतूहलानं आंघोळीच्या वेळी पाठलाग केला आणि गुपित फुटलं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. गुपित फुटल्यावरही ती काही काळ नोकरी करतच राहिली. बायजाबाई शिंद्यांनी तिला आपल्या पदरी ठेवून घेऊ म्हटलं, तिनं नाकारलं. महाराजांनी दुसऱ्या पलटणीत बढती देऊ केली, तीही नाकारली. मग छावणीत बातमी झाली की तिचा भाऊ भोपाळला कर्जापायी कैदेत आहे आणि त्याला सोडवायलाच तिनं हे धाडस केलं. ब्रॉटन हे मोठ्या प्रेमानं लिहितो. शिंद्यांनी पैसे आणि भोपाळच्या नवाबाला पत्र दिल्याचंही सांगतो. पण त्याचं वाक्य नीट वाचलं तर दिसतं की भाऊ कैदेत आहे हे कळल्यावर ही कल्पना निघाली ती छावणीत. तिनं स्वतः असं म्हटल्याचं तो लिहीत नाही. म्हणजे बाई शिपाई का झाली याला लोकांना एक कारण हवं होतं, आणि भाऊ सापडताच हजारो माणसांनी मिळून एका दिवसात कादंबरी रचली. तिला नोकरी बरी वाटत असेल, एवढं साधं कारण कुणाला सुचलं नाही. माझ्या भाचीलाही सुचलं नव्हतं. तिच्या मैनेला बापाचा सूड हवा होता.

आता भेटीची जागा. 1791 च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस बेंगळुरूहून निघाला. टिपूनं नेहमीच्या वाटेवरचा चारा जाळून ठेवलेला, म्हणून कनकपुऱ्याकडून अवघड वाटेनं गेला. बैल वाटेत मरू लागले. 15 मेला श्रीरंगपट्टणाजवळ अरकेरेला लढाई झाली, टिपू हटला, पण जिंकलेल्या फौजेला खायला नव्हतं. छावणीत देवी पसरल्या होत्या. पाऊस सुरू झाला. मराठे कुठं आहेत याचा पत्ता नाही. शेवटी ओढायला जनावरं उरली नाहीत म्हणून कॉर्नवॉलिसनं आपल्याच मोठ्या तोफा फोडून टाकल्या आणि 26 मेला तो मागं फिरला. त्याच दिवशी मेलुकोट्याच्या बाजूनं एकाएकी दोनेक हजार घोडेस्वार दिसले. शत्रू समजून इंग्रजांची तुकडी त्यांना तोंड द्यायला सरसावली. तेवढ्यात एक स्वार पुढं येऊन ओरडला, आम्ही मराठे!

ते परशुरामभाऊ आणि हरिपंतांचे आघाडीचे लोक होते. सगळी मराठी फौज एका मजलेच्या आत होती. दोन्हीकडून पत्रं सुटत होती, जोड्यांवर जोड्या जात होत्या, आणि त्यातली एकही पोचली नव्हती. टिपूच्या हलक्या घोडदळानं सगळी पकडली. आठवडाभर आधी एक चिठ्ठी पोचली असती तर त्या तोफा फुटल्या नसत्या. फुटल्या म्हणून श्रीरंगपट्टणाचा वेढा पुढच्या फेब्रुवारीवर गेला.

या प्रसंगाबद्दल लिहिणारे पुढं लगेच मराठ्यांच्या बाजाराकडे वळतात. उपाशी इंग्रजांना त्या बाजारात धान्य मिळालं, बर्मिंगहॅमचे चाकू मिळाले, काश्मिरी शाली, जवाहीर, काय म्हणाल ते. दर अर्थातच भुकेप्रमाणे. वाचायला मजा येते. मी मात्र वर्गात शिकवताना नेहमी त्या न पोचलेल्या जोड्यांपाशी थांबत असे. टिपूचं युद्ध म्हटलं की मुलं त्याचे अग्निबाण मागत. मी सांगे, त्या मे महिन्यात टिपूनं जिंकलं ते पायी चालणाऱ्या माणसांवर नजर ठेवून. आणि त्या माणसांची नावं पत्रांत नाहीत. पत्र पोचलं तर पत्राला महत्त्व, न पोचलं तर पत्रच नाही.

भाचीनं ते प्रकरण नव्यानं लिहून आणलं. मैना आणि तिचा जोडीदार, अरकेरेच्या अलीकडे, तीन दिवस एका उसाच्या फडात. पत्र आहे, वाट नाही. जोडीदाराला कळलेलं आहे आणि तो बोलत नाही. फक्त तिची चूल वेगळी मांडून देतो. ते वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. तिला तसं सांगितलं नाही.

पण मग राहिला शिलेदार. तो पटवर्धनांच्या पागेतला. आणि 1791 म्हटलं, पटवर्धनांची फौज म्हटली, की शृंगेरी येते.

त्याच वर्षी रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसं मारली, शारदेची मूर्ती हलवली, स्वामींना मठ सोडून कारकळला जावं लागलं. स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे. टिपूनं त्यांना कन्नडमध्ये पत्रं लिहिली, मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठा करण्यासाठी मदत पाठवली. तीसेक पत्रांचा तो गठ्ठा 1916 मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या हाती आला. आपल्याकडे याचं उत्तर देताना पेंढारी आणि लमाणांकडे बोट दाखवलं जातं. असतीलही. पण पेंढारी ज्यांच्या झेंड्यामागून आले ते झेंडे आपले होते.

मी बत्तीस वर्षं हे शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं हे खरं, पण पुस्तकात नसलेल्या जोड्या मी शिकवतच होते. माझ्या वर्गात कन्नड, तमिळ, दखनी, मराठी अशी सगळी घरं असत. टिपू हा शब्द उच्चारला की बाकांच्या दोन रांगा ताठ होत. मराठे म्हटलं की मागच्या बाकावरची आमची चार-पाच मुलं सावरून बसत, आणि ती सावरून बसली की मला बरं वाटे. एकदा कन्नड घरातल्या एका मुलानं विचारलं, मिस, शृंगेरीला कोण गेलं होतं? त्याच्या आजोबांनी सांगितलं असावं. मी म्हटलं, तो भाग परीक्षेला नाही. तो मुलगा बसला. त्याचं बसणं मला अजून दिसतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं, मुलाचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा हीरो तिथं नव्हता असं लिहिता येईल." येईल. फौज मोठी होती, तुकड्या चहूकडे होत्या, कागद तुला खोटं पाडणार नाहीत. "पण तुला ते आवडणार नाही." मी म्हटलं, प्रेमाच्या भागाला हात लावायचा नाही असं ठरलंय.

ती रागावली. तिचं म्हणणं, वाचणाऱ्या मुली सोळा-सतराच्या असतील, त्यांना हीरो असा देऊन कसं चालेल? मी म्हटलं, सोळाव्या वर्षीच चालतं. नंतर आपण परीक्षेला नाही म्हणायला शिकतो. दोघींचा चहा गार झाला. खाली मशिदीत अजान झाली, मग बेसिलिकेची घंटा, आणि बसस्टँडवरचा कंडक्टर मॅजेस्टिक, मॅजेस्टिक ओरडत राहिला.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा लग्न उडालं होतं. शेवटची चाळीस पानंही उडाली होती. आता मैना आणि तिचा जोडीदार तुंगेच्या काठानं शृंगेरीकडे चालले आहेत, लुटीनंतर दोन दिवसांनी, परशुरामभाऊंच्या गोटातून काय झालं ते पाहून या असा हुकूम घेऊन. असा हुकूम कागदात नाही, मी लाल रेघ मारली, मग खोडली. मैनेला वाटेवर एक घोडा भेटतो, पाठीवर गाठोडं, बाजूला तो शिलेदार. गाठोड्यात काय आहे ते तिनं लिहिलेलं नाही. पुढचं पान कोरं.

"तो काय म्हणतो ते मला ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "त्या वेळची माणसं अशा वेळी काय बोलत?"

मी कपाटातून खऱ्यांच्या लेखसंग्रहाचा त्या वर्षांचा खंड काढून दिला. मोठा आहे, बांधणी सैल झाली आहे. बाहेर पाऊस होता, म्हणून आधी वर्तमानपत्रात आणि मग पालकाच्या पिशवीत गुंडाळला.